कोरड्या कुवेतातलं चिअर्स

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "तेलाच्या विहिरी पाहिल्या का?" नाही पाहिल्या. लांबून एक ज्योत जळताना दिसली, तेवढीच. मी तेल बघायला गेलेच नव्हते. मी मुलगा बघायला गेले होते.

आमची मुक्ता तिथे एका पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनीयर आहे. नाशकातली, पुण्यातली आणि एक नागपूरचंसुद्धा, अशी आलेली सगळी स्थळं तिने वर्षानुवर्षं हसत हसत परत पाठवली. मग गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाली, "आई, एक जण आहे."

"कुठला?"

"लीड्सचा. इंग्लंडमधला."

ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही, भूकंपातसुद्धा हे आधी पान संपवतील. ह्यांचे गुडघे विमानात बसण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत, म्हणून ठरलं की मी एकटीनेच जायचं. "तू बघून ये," हे म्हणाले. "तुझं हो ते माझं हो, तुझं नाही ते माझं नाही." ऐकायला किती मोठ्या मनाचं वाटतं! लग्नापासून प्रत्येक अवघड निर्णय ह्यांनी माझ्यावर असाच मोठ्या मनाने ढकललेला आहे.

मुक्ताने मात्र आधीच बजावलं. "आई, तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही. पण तुझं नाही डोक्यावर घेऊन मला संसारही करता येणार नाही. तेव्हा येशील ती नीट बघायला ये, नापास करायला येऊ नकोस." तीस वर्षं मी एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसले. माणूस नापास करायला मला वेळ लागत नाही, हे पोरीला पक्कं ठाऊक आहे.

विमानतळ

फेब्रुवारीत कुवेतची हवा आपल्या नाशकाइतकीच गार असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वाळवंटाच्या तयारीने सुती साडीत उतरले आणि कुडकुडत बाहेर आले. मुक्तासोबत एक उंच, गुलाबी, मोठ्या कानांचा माणूस उभा होता. हा स्टुअर्ट. कंपनीत सुरक्षेचं काम बघतो, म्हणजे कोणी हेल्मेट घातलं नाही तर ओरडणं हे याचं काम. त्याने वाकून नमस्कार केला. नमस्कार बरा होता, शिकवलेला वाटला तरी बरा होता. मग माझ्या हातून ट्रॉली घेतली. मी पिशवीतून मेथीच्या लाडवांचा डबा काढून त्याच्या हातात दिला.

"चिअर्स!" तो म्हणाला.

मी जागच्या जागी थिजले. चिअर्स हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, आमच्या डेपोतल्या एका साहेबांच्या निरोपसमारंभात. त्या रात्री साहेबांना रिक्षात दोघांनी धरून बसवावं लागलं होतं. आणि हा तर दारूबंदीच्या देशात, विमानतळावर, पोलिसासमोर, लाडवांचा डबा वर करून चिअर्स म्हणत होता. मी जवळ जाऊन सहज वाटेल असा श्वास घेऊन पाहिला. साबणाचा वास आला.

"पिऊन आलाय का गं?" मी मुक्ताच्या कानाशी लागले.

"आई! चिअर्स म्हणजे थँक्यू."

बरं, थँक्यू तर थँक्यू. मुक्ताची इमारत मंगाफला आहे. तिथे लिफ्टमध्ये शिरताना त्याने एका फिलिपिनो बाईसाठी दार धरलं. ती थँक्यू म्हणाली. यावर हा म्हणाला, "चिअर्स."

"आता काय?" मी विचारलं. "थँक्यूला थँक्यू?"

"आता म्हणजे... असू दे, त्यात काय."

बॅगा वर आणून ठेवून तो निघाला. दारातून हात हलवत म्हणाला, "चिअर्स!"

"आणि हे?"

"हे म्हणजे येतो," मुक्ता म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेली.

एकाच शब्दावर अख्खा दिवस काढणारी माणसं मला नवी नाहीत. ह्यांचं 'बरं' आहेच. पगार झाला, बरं. सासूबाई येणार आहेत, बरं. भाजी खारट आहे, बरं. त्यातलं कुठलं बरं हे खरोखर बरं आहे आणि कुठल्या बरंनंतर दोन दिवस अबोला असणार आहे, हे कळायला मला संसाराची पहिली पाच वर्षं लागली. पण निदान ते मराठी होतं. या माणसाचं चिअर्स उलगडायला माझ्याकडे पाच वर्षं नव्हती. परतीचं तिकीट पंधरवड्यानंतरचं होतं. आणि माझं इंग्रजी खिडकीपुरतं: नो सीट, फुल, नेक्स्ट.

शर्क

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो आम्हाला शर्कला घेऊन गेला. हा शहराचा मुख्य भाग, एका बाजूला काचेचे मनोरे आणि त्यांच्या पायाशी मासळीबाजार. मुंबईत मोठ्या कचेऱ्यांच्या दाराशी कोळणी टोपल्या घेऊन बसल्या तर जसं दिसेल, तसं. फक्त इथे कोळणी नाहीत, सगळे पुरुषच आणि फरशी इतकी स्वच्छ की माझीच चप्पल मला घाण वाटायला लागली. मी मासे खात नाही, पण बघायला आवडतात. पापलेटाला इथे झुबैदी म्हणतात आणि घरच्या लेकीसारखं कौतुक करतात.

मी मासे बघत होते आणि स्टुअर्टला ऐकत होते. मासेवाल्याने पिशवी दिली, चिअर्स. हमालाने गाडा बाजूला घेतला, चिअर्स. पाणी शिंपडणाऱ्याने याच्या बुटावर पाणी उडवलं, तरीही चिअर्स.

"हे म्हणजे वा रे वा, असं," मुक्ताने खुलासा केला. "टोमणा आहे."

"टोमणा मारताना तोंड असं गोड?"

"त्यांचा टोमणा गोडच असतो, आई."

मला हे काही झेपेना. आमच्याकडे टोमणा मारला की मारलेला दिसतो. समोरच्याला लागला नाही तर पुन्हा मारता येतो.

दुपारी एका कुवेती खानावळीत जेवलो. मोठ्या परातीत पिवळा भात, त्याला मचबूस म्हणतात, माझ्यासाठी बिनमांसाचा म्हणून मुद्दाम सांगून आणलेला, तरी त्यात एक हाड निघालंच. वाढप्याने माफी मागून परात बदलली. बरोबर लबन, म्हणजे आपलं ताक, पण घट्ट. स्टुअर्टने ताकाचा पेला उचलून माझ्या पेल्यावर टेकवला आणि म्हणाला, "चिअर्स!"

शेजारच्या बैठकीवरचे तीन दाढीवाले एकदम वळून बघायला लागले. मी घाईघाईने माझा पेला त्यांच्याकडे तिरका करून दाखवला, आत ताकच आहे म्हणून. एकाने हसून आपलाही पेला वर केला. म्हणजे संपूर्ण कुवेतात चिअर्स न कळणारी मी एकटीच होते.

मंगाफ, स्वयंपाकघर

पाहुण्याला जेवायला वाढलं की माणूस कळतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी त्याला रोज संध्याकाळी जेवायला बोलवायला लागले. एक दिवस मटकीची उसळ केली. मुक्ताने मीठ घातलंय हे मला माहीत नव्हतं, मीही घातलं. स्टुअर्ट आधी जेवायला बसला, कारण आमच्याकडे पाहुणा आधी. त्याने उसळ खाल्ली. चिअर्स म्हणाला. मी आणखी वाढली. तीही खाल्ली. पाणी मात्र तांब्याभर प्यायला. मग मी जेवायला बसले, पहिला घास तोंडात घातला आणि उठून बेसिनकडे पळाले.

माझा निकाल त्या बेसिनपाशी लागला. म्हटलं, हा माणूस खोटा आहे.

तुम्हाला वाटेल, किती सभ्य! मलाही परक्याच्या बाबतीत तसंच वाटलं असतं. पण आपल्या घरात कोणी थँक्यू म्हणतं का? पाणी दिलं म्हणून नवऱ्याने कधी आभार मानले? आभार ही आमच्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी एकाने उभं राहून मानायची गोष्ट आहे, आणि तोवर लोक चपला शोधायला गेलेले असतात. घरचा माणूस पेला घेतो, पितो, आणि "आणखी" म्हणतो. उसळ खारट झाली तर "काय गं, समुद्र आणलास का?" म्हणून ओरडतो. ओरडतो म्हणून तर तो घरचा. जो हमालाला, मासेवाल्याला, लिफ्टमधल्या बाईला आणि मला एकाच मापाने चिअर्स वाटतो, त्याच्या मनात मुक्तासाठी वेगळं काही उरतं की नाही, हे मी कशावरून ओळखायचं? याला राग येतो का? हा कधी नाही म्हणतो का? उद्या लीड्सला थंडीत माझी मुलगी रडत बसली, तर हा तिला काय म्हणणार, चिअर्स?

आणि खरं भय याहून आतलं होतं. तेही सांगून टाकते. याच्याशी मला भांडता येणार नव्हतं. जावयाला चार शब्द सुनावायची वेळ कधी आलीच, तर माझ्याकडे नो सीट, फुल आणि नेक्स्ट एवढेच शब्द होते.

जलीब आणि राई

पोहे हवे होते म्हणून मुक्ता मला जलीबला घेऊन गेली. जलीब अल शुयूख हा कामगारांचा भाग. एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात, गॅलऱ्यांतून कपडे इतके वाळत घातलेले असतात की इमारतीचा रंग दिसत नाही. इथे दुकानदार गफूरभाई भेटले, श्रीवर्धनकडचे. माझं मराठी ऐकून ते गल्ल्यावरून उठून बाहेरच आले.

"मॅडम, नाशिकच्या? बसा, बसा. पोहे जाडे देऊ का पातळ? आणि ह्यो तुमचा गोरा कुठं राहिला? चिअर्सवाला?"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"दर आठवड्याला येतो ना, ताईंसाठी कोकम न्यायला. मॅडम, हितं सकाळपासून आमाला सगळे यल्ला यल्ला करतात. यल्ला म्हणजे चल, आटप, निघ, सगळंच. ह्यो एकटा चिअर्स बोलतो. काय बोलतो ते अल्लाला ठाऊक, पन बोलतो बाबा."

"बोलणारे पुष्कळ असतात, गफूरभाई."

"तेबी खरं हाय," गफूरभाई म्हणाले आणि न मागता मुठीभर शेंगदाणे पुडीत टाकले. मीही त्यांना थँक्यू म्हटलं नाही. पुढच्या वेळी श्रीवर्धनची सुपारी आणाल तर खरं, एवढं म्हटलं. ते खूष झाले. आमच्यात असंच असतं.

राई भागातल्या बाजारात मात्र स्टुअर्ट आमच्याबरोबर होता आणि तिथे त्याने घात केला. राईला गोदामं, गॅरेजं, शोरूम आणि मधोमध हा प्रचंड जुना बाजार, जिथे पलंगापासून पोपटापर्यंत काहीही मिळतं. ह्यांच्या गुडघ्यांखाली घालायला मला एक लहान गालिचा हवा होता. गालिचेवाला पेशावरकडचा होता, हिंदी छान बोलत होता, आणि मुख्य म्हणजे घासाघीस करण्यात रसिक होता. त्याने आपल्या मुलांची शपथ घेतली, मी माझ्या गरिबीची घेतली. शेवटी मी सर्वांत मोठं अस्त्र काढलं: पाठ फिरवली आणि चालायला लागले. आता चार पावलं टाकायची, मागून हाक येते, भाव निम्म्यावर येतो. हे शास्त्र आहे.

मी चालले. आणि मागे स्टुअर्ट, निरोप घ्यायचा म्हणून, गालिचेवाल्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "चिअर्स, मेट!"

हात हातात आला म्हणजे सौदा झाला, असं बाजारात जगभर मानतात. गालिचेवाल्याने क्षणात गालिचा गुंडाळून, दोरी बांधून याच्या खांद्यावर टाकला. आणि स्टुअर्टने, माझ्याकडे बघत, कान लाल करून, पहिला सांगितलेला अख्खा भाव देऊन टाकला.

गाडीत मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या सीटवरून तो हळूच म्हणाला, "सॉरी."

"हा शब्द येतो वाटतं त्याला," मी मुक्ताला म्हटलं. मुक्ता हसली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी समुद्राकाठी चालत होतो. कुवेती कुटुंबं गवतावर चटया टाकून, थर्मास आणि भाजलेल्या बिया घेऊन बसली होती. मुक्ता म्हणाली, "आई, तुझं ठरलंय ना? नाही म्हणून?"

"माझं काही ठरलेलं नाही."

"ठरलंय. खिडकी बंद करताना तुझं तोंड असंच व्हायचं."

मला फार वाईट वाटलं. पोरगी मला ओळखते म्हणून, आणि ती बरोबर होती म्हणूनही. मग मी माझ्या मते फार उदारपणे म्हटलं, "हे असं आपलं चालता-बोलता बघणं मला जमत नाही. रीतसर कार्यक्रम कर. पोहे करते. पण मुलगा एकटा येत नसतो, त्याच्याकडचं मोठं माणूस हवं. ते येऊ दे, मग सांगते."

स्टुअर्टला आई नाही. वडील आहेत, पण ते कुत्र्याला एकटं सोडून कुठे जात नाहीत. हे मला माहीत होतं. म्हणजे माझी अट पुरी होणार नव्हती आणि मला नाही म्हणावंच लागणार नव्हतं. हा माझा डाव होता. मुक्ता एवढंच म्हणाली, "सांगते त्याला."

शुक्रवार

शुक्रवार हा तिथला रविवार. पाच वाजता बेल वाजली. दारात स्टुअर्ट, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्याच्या पुढे पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातले, डोक्याला रुमाल आणि काळी कड घातलेले एक धिप्पाड म्हातारे. हातात खजुरांचा केवढा तरी मोठा डबा.

"अबू खालिद," मुक्ता पुटपुटली. "त्याचे घरमालक. आई, तो खरंच मोठं माणूस घेऊन आलाय."

अबू खालिद लहानपणी काही वर्षं मुंबईत शिकलेले. त्यांच्या वडिलांचा तिथे खजुरांचा व्यापार होता. "बहनजी, सलाम," ते म्हणाले. "हम भेंडीबाजार का पानी पिया है." मी मनात म्हटलं, झालं, याच्याशी तरी बोलता येईल.

ते सोफ्यावर बसले आणि सोफा लहान झाला. स्टुअर्ट शेजारी, गुडघे जुळवून. मी पोहे आणले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. चहा आणला, आल्याचा. अबू खालिदनी कप घेतला, समोर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

आमच्या घरी पाहुण्याने चहा तसाच ठेवला की मला सुचेनासं होतं. आलं जास्त झालं का? साखर चालत नाही का? आणि वर साय धरायला लागली होती.

"लीजिए ना," मी म्हटलं.

"पहले बात, बहनजी."

"बात होती रहेगी. ठंडा हो जाएगा."

ते हलले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "बहनजी, हम आज आपके घर में कुछ मांगने आया है. वो मिलेगा, तब पियेगा."

मी पोह्यांच्या दुसऱ्या डिशवर खोबरं घालत होते. मला वाटलं, बिनसाखरेचा हवा असेल, नाहीतर लिंबू. म्हातारी माणसं संकोचतात. आमच्याकडे पाहुण्याचा संकोच मोडायचा एकच मार्ग आहे, तो मी चोखाळला. अगदी मनापासून, हात हलवत म्हटलं, "अहो, जो मांगना है सब मिलेगा! आपका ही घर है. पहले चाय पियो."

अबू खालिदचा चेहरा उजळला. त्यांनी कप उचलला, एका घोटात रिकामा केला, खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून गर्जना केली, "मबरूक! मबरूक!" मग स्टुअर्टला कवेत घेऊन त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मुक्ताच्या हातातली डिश कलंडली, पोहे गालिच्यावर. होय, त्याच गालिच्यावर.

"काय झालं?" मी विचारलं. "आवडला का चहा?"

"आई," मुक्ताचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला. "यांच्यात मागणी घालायला मोठं माणूस येतं. कॉफी समोर ठेवतात. तो पीत नाही. मुलीकडचे म्हणतात, प्या, तुमची मागणी मान्य आहे. मगच पितो. प्यायला की लग्न ठरलं. म्हणून हे मबरूक, म्हणजे अभिनंदन."

"पण हा चहा होता!"

"हमारे में काफी, आपके में चाय," अबू खालिद खुशीत म्हणाले. "बात एक."

मी मटकन खुर्चीत बसले. आग्रह करकरून मी आजवर लोकांची पोटं बिघडवली होती, पण पोरीचं लग्न लावून टाकलं नव्हतं. आणि आता बोलायचं काय? नाही म्हटलं तर दारी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा पाणउतारा. गप्प बसलं तर झालंच. मुक्ता माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एकदम जी आशा आली होती, ती मला बघवेना.

तेवढ्यात स्टुअर्ट उठून उभा राहिला.

"नो," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. अबू खालिदना तो नीट कळला नसावा. त्यांनी हसून त्याला पुन्हा खाली ओढलं. तो बसला नाही.

"नो, अबू खालिद. हा होकार धरायचा नाही." पुढचं तो सावकाश बोलला, इतकं सावकाश की माझ्या खिडकीच्या इंग्रजीलाही कळलं. बाकीचं मुक्ताने सांगितलं. "त्यांना तुमची रीत माहीत नाही. त्या मला रोज असंच म्हणतात, घ्या, घ्या. गॅसवाल्यालाही म्हणाल्या असत्या. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. आणि मला वाटतं, त्या नाही म्हणणार आहेत."

अबू खालिदचं हसू गेलं. "घर की बड़ी ने बोला," ते म्हणाले. "मैं ने पिया. अब मेरी बात नीचे जाएगी?"

"जाऊ दे," स्टुअर्ट म्हणाला. त्याचे कान टोकापर्यंत लाल झाले होते, पण तो हटेना. "त्यांना फसवून मला मुक्ता नको. उसळ खारट होती, ते बोलायला मी घाबरलो. गालिच्याच्या वेळीही घाबरलो. याच्यात नाही घाबरणार."

हे एकच मोठं माणूस होतं त्याच्याकडचं. परक्या मुलखात त्याच्यासाठी खजूर घेऊन आलेलं. आणि त्याच माणसाचं मन तो माझ्यासाठी मोडत होता, मी नाही म्हणणार हे ओळखूनसुद्धा. पदरात पडलेलं दान कोणी असं परत करतं? मला गहिवरून आलं, आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बहुधा माझाच.

"मुक्ता," मी म्हटलं, "हवाय ना तुला हा?"

"हवाय, आई."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. गार झालेला चहा ओतून दिला, नवं आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेर सगळे ताटकळत असणार, हे मला माहीत होतं, तरी मी घाई केली नाही. कप धुऊन पुसला, भरला आणि आणून अबू खालिदसमोर ठेवला.

त्यांनी कपाकडे पाहिलं नाही. तोंड वळवून बसले होते.

"अबू खालिद," मी म्हटलं, "मघाशी मेरी चूक हुई. मैं ने सुना नहीं आप क्या मांगने आए. अब मांगो. ठीक से मांगो, मैं सुनती हूँ."

त्यांनी डोक्यावरची काळी कड सरळ केली, पाठ ताठ केली आणि स्टुअर्टच्या गुडघ्यावर आपला जाडजूड हात ठेवला.

"बहनजी," ते म्हणाले, "ये हमारा लड़का है. इसका इधर हमारे सिवा कोई नहीं. इसके वास्ते आपकी लड़की मांगता है."

मला 'प्या' म्हणायचं होतं. ते न म्हणता मी कपच उचलून त्यांच्या हातात दिला.